आरसेटीचे दोन कोर्स, शिवणकाम आणि मोटार रिवाइंडिंग: तीस दिवसांत काय मिळतं, कुठं कमी पडतं

आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. मूळ नमुना कर्नाटकातल्या उजिरेचा. १९८२ मध्ये धर्मस्थळाच्या ट्रस्टनं सिंडिकेट आणि कॅनरा बँकेला सोबत घेऊन तो उभा केला. २००९ पासून ग्रामविकास मंत्रालयानं जिल्ह्याला एक या हिशेबानं देशभर अशा संस्था काढायला घेतल्या. चालवते बँक. फी नाही, राहणं आणि जेवण फुकट, बॅच २५ ते ३५ जणांची. पापड-मसाल्यापासून शेळीपालन, ब्यूटी पार्लर, मोबाईल रिपेअरिंगपर्यंत यादी लांबलचक आहे. इथं फक्त दोन कोर्स तपासले आहेत: महिला शिवणकाम आणि इलेक्ट्रिक मोटार रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी भरणं. मराठवाड्यात गावातल्या गावात गिऱ्हाईक मिळण्याची सगळ्यात जास्त शक्यता या दोनांतच आहे. साडी घराघरात आहे आणि विहिरी-बोअरवरची मोटार दर उन्हाळ्यात जळते.

निकाल आधीच सांगतो. दोन्ही कोर्स घेण्यासारखे आहेत. महिनाभरात हात बसतो, मात्र धंदा बसायला पुढचे तीन-चार महिने लागतात आणि त्या काळात मदतीला कुणी नसतं. त्यामुळं कोर्स संपल्यावर आठ-दहा दिवसांत घरात मशीन येणार असेल, तरच त्या बॅचला नाव द्या. दोन महिने हात रिकामा राहिला की शिकलेल्यातलं अर्धं विसरतं आणि प्रमाणपत्र तेवढं ट्रंकेत पडून राहतं.

पहिली अडचण तारखांची. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गाड्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीनं, म्हणजे एका कोयत्यावर घेतलेली असते, म्हणजे बाई मागं थांबली तर कोयता मोडतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेली बॅच या घरांसाठी नसल्यातच जमा आहे. मे अखेर ते ऑगस्ट हा त्यांचा खरा काळ. उचल उचलण्याच्या आधी बाईच्या हातात मशीन आणि चार गिऱ्हाइकं असतील, तर यंदा जायचं की नाही यावर घरात बोलणं तरी होऊ शकतं. विधवा, टाकलेल्या, एकट्या बायांची अडचण निराळी आहे. महिनाभर लेकरू कुणाकडं ठेवायचं? यावर उपाय म्हणजे गावात घेतलेली बॅच. आरसेटीला कॅम्पसबाहेर बॅच घेता येते. पंचवीस-तीस नावं एकत्र करून बचत गटाच्या ग्रामसंघानं मागणी लावली तर समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत वर्ग भरतो. मात्र तिथं मशिनी किती आणणार, हे आधी विचारा. दोघींत एक मशीन असेल तर चालतं. चौघींत एक असेल, तर दिवसातून दीड तास शिलाई आणि बाकी वेळ बघत बसणं एवढंच पदरात पडतं.

सुरुवातीचे काही तास खेळांचे असतात. रिंग टॉस, ठोकळ्यांचा मनोरा, कागदी होड्या. बऱ्याच जणींना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण तो वाया जात नाही. रिंग टॉसमध्ये किती लांबून रिंग टाकायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. अगदी जवळून टाकणारी आणि उगाच फार लांबून टाकणारी, दोघी पुढं कर्ज घेतानाही तशाच वागतात. चांगला प्रशिक्षक हा धागा शेवटच्या आठवड्यात प्रकल्प अहवाल लिहिताना परत पकडतो. खेळ घेऊन टाळ्या वाजवल्या आणि विषय सोडून दिला, असंही घडतं. तिथं मात्र वेळ वाया जातो.

आता शिवणकाम. पहिल्या आठवड्यात मशीन ओळखणं, पायडल सरळ फिरवणं, बॉबिन भरणं, कागदावर बिनधाग्याची शिलाई. हे नीट करून घेतलं तर पुढं मशीन मिस्त्रीकडं नेण्याचे फेरे वाचतात. खाली धाग्याचा गुंता झाला की शिकाऊ बाई बॉबिनशी खेळत बसते, आणि दोष बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असतो. दाबपट्टी खाली असतानाच धागा ओवलेला असतो, त्यामुळं तो टेन्शनच्या चकत्यांत बसलेलाच नसतो. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. वाकडी सुई, उलटी बसलेली सुई किंवा कापडाला न जुळणारा नंबर, बहुतेक वेळा कारण यातलंच एक निघतं. रोजच्या सुती-पॉलिस्टरला १४ नंबर, तलम रेशमी आणि शिफॉनला ११, जाड पिशव्या आणि जीनला १६. रोज काम संपल्यावर दोन-दोन थेंब तेल आणि दातऱ्याखालचा (कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांखालचा) कचरा ब्रशनं काढणं. दात्यांत कापसाचा थर साचला की कापड सरकत नाही, बाई हातानं ओढते आणि सुई मोडते.

कटिंगला दहा-बारा दिवस मिळतात. त्यात फ्रॉक, परकर, सलवार-कुर्ता आणि ब्लाउज बसवायचे, म्हणजे ब्लाउजला चार-पाच दिवस. ते अपुरे आहेत. गावात नव्वद टक्के चर्चा ब्लाउजच्या फिटिंगची होते आणि बाईचं नाव त्यावरच ठरतं. चुका ठरलेल्या आहेत. पुढचा मुंढा (बाही जोडतात तो काखेचा गोल काप) मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त खोल कापायचा असतो. दोन्ही भाग एकावर एक ठेवून सारखेच कापले की काखेपुढं चुण्या पडतात. दोन्ही बाह्या एकाच अंगाच्या कापणं ही तर प्रत्येक बॅचला होणारी चूक. कापड सुलट बाजूला सुलट बाजू लावून दुमडलं नाही की हे घडतं आणि पीस वाया जातो. साडीसोबतचा पीस बहुधा ८० सेंटिमीटरचाच असतो, त्यात दुसरी बाही निघत नाही. गळा उघडा पडण्याचं कारण माप चुकणं हेच असेल असं नाही. आडव्या-तिरक्या धाग्यावर कापलेला गळा हाताळताना ताणतो. कापल्याबरोबर कडेनं एक साधी टीप मारून ठेवली तर तो ताणत नाही. बगलेत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिलाईच्या आतलं जादा कापड, ठेवायची. शिकाऊ बाई कापड नीटनेटकं दिसावं म्हणून माया छाटून टाकते, आणि वर्षभरानं गिऱ्हाईक ब्लाउज उसवून मोठा करायला आणतं तेव्हा हातात काही उरत नाही.

अस्तराचं सुती कापड कापण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं. कोर्समध्ये वेळेअभावी हे टाळलं जातं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड फुगतं आणि भरवशाचं गिऱ्हाईक तुटतं. फॉलचंही तेच. फॉल आधी पाण्यातून काढला नाही तर तो आटून साडीच्या काठाला चुण्या पाडतो.

फॉल-पिकोला अभ्यासक्रमात जेमतेम एक दिवस असतो. आमच्या मते कोर्सची सगळ्यात मोठी उणीव हीच आहे. नवशिकीला पहिली कमाई ब्लाउजमधून होत नाही, फॉलमधून होते. हिशेब करून बघा. समजा साध्या ब्लाउजची शिलाई १२० रुपये. धागा, हूक, पट्टी मिळून दहा रुपये जातात. नवीन बाईला ब्लाउजला तीन तास लागतात, म्हणजे तासाला ३६-३७ रुपये, आणि बिघडला तर पीस भरून द्यायची धास्ती वेगळीच. फॉल-पिकोचे समजा ९० रुपये. फॉल आणि धाग्याचे ३५ वजा केले तर ५५ रुपये उरतात आणि काम तासाभरात होतं. बिघडलं तर उसवून परत घालता येतं, साडी सुरक्षित राहते. पहिले तीन महिने फॉलवर कमवायचं आणि ब्लाउजवर हात बसवायचा, हा क्रम प्रशिक्षणातच शिकवायला हवा.

आता फॉल कसा लावायचा, तेही नीट सांगायला हवं. साडीचं खोचण्याचं टोक, म्हणजे पदराच्या उलट बाजूचं, हातात घ्या. तिथून साधारण वीतभर सोडून फॉल ठेवा. फॉलची खालची कड साडीच्या काठाच्या अगदी कडेला, पण बाहेर डोकावणार नाही अशी. खालची बाजू मशीनवर किंवा हातानं, वरची बाजू हातानंच, साडीच्या रंगाच्या एकपदरी धाग्यानं. टाक्यात साडीचे एक-दोन धागेच उचलायचे म्हणजे सुलट्या बाजूनं टाका दिसत नाही. धागा ओढून घट्ट केला की काठ गोळा होतो. दर हातभर अंतरावर साडी जमिनीवर पसरून बघायची. पिकोसाठी वेगळं मशीन लागतं. सुरुवातीला ते नसलं तरी चालतं. आठवडी बाजाराच्या दिवशी साड्या तालुक्याला नेऊन पिको मारून आणायचा आणि फॉल घरी लावायचा. लग्नसराईत, महालक्ष्म्यांच्या आधी आणि दिवाळीत फॉलचं काम इतकं येतं की एकटीला उरकत नाही.

शाळेच्या गणवेशाचं काम बचत गटांना मिळेल, असं प्रशिक्षणात हमखास सांगितलं जातं. त्यावर मशीन घेऊ नका. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’साठी महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत गटांकडून शिलाई करून घेतली गेली. मापांच्या तक्रारी आल्या, गणवेश उशिरा पोहोचले आणि पुढच्या वर्षापासून हा विषय पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं गेला. समितीकडून काम मिळू शकतं, पण त्यासाठी थर लावून एकदम वीस-पंचवीस नग कापणं, एकीनं कॉलर, दुसरीनं बाही, तिसरीनं काज-बटण अशी वाटणी आणि ठरल्या तारखेला माल देणं जमायला हवं. या कोर्सात ते शिकवत नाहीत. गावातल्या तिघी-चौघी एकाच बॅचला गेल्या असतील तर त्यांनी हे पुढं शिकून घ्यावं.

मशीन कोणतं घ्यायचं? घरच्या कामाला साधं काळं पायमशीन पुरतं. लाईट गेली तरी चालतं आणि मराठवाड्यात हे महत्त्वाचं आहे. कामं वाढली की त्यालाच मोटार बसवता येते. दुकानदार पहिल्याच भेटीत ‘जुकी’ गळ्यात मारायला बघतो. ते कारखान्याचं मशीन, मिनिटाला चार-पाच हजार टाके मारणारं. दिवसाला दोन ब्लाउज शिवणारीला त्याचा उपयोग नाही. जुनं मशीन घेत असाल तर चाक हातानं फिरवून आतून खडखड येते का ते ऐका, दातऱ्या झिजल्यात का बघा आणि दोन पदरी सुती कापडावर हातभर टीप मारून दोन्ही बाजू तपासा.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दलही सगळे विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि त्यात शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. पण ही योजना आधीच तो व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे आणि लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. शिवाय गेल्या पाच वर्षांत पीएमईजीपीचं (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं) कर्ज घेतलेलं नसावं, आणि मुद्राचं घेतलं असेल तर ते पूर्ण फेडलेलं असावं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी आरसेटीत शिका, काम सुरू करा, विश्वकर्माची नोंदणी करा आणि मुद्राचा विचार त्यानंतर. उलटं केलं तर व्हाउचर हातचं जाण्याची भीती.

मोटार रिवाइंडिंगचा कोर्स मुलांसाठी आहे असं कुठं लिहिलेलं नाही, पण बॅचमध्ये मुलंच दिसतात. मोटार भरायला बारीक नजर आणि चिकाटी लागते, ताकद लागते ती मोटार उचलायला. गटातल्या मुलींनी हा कोर्स मागायला हरकत नाही. शिकवणी एकंदरीत चांगली आहे, कारण जळक्या मोटारींचा तोटा नाही. जुनं वाइंडिंग काढण्याआधी नोंद करायला शिकवतात आणि बरकत त्या नोंदीतच आहे: स्लॉट (तार बसते त्या खाचा) किती, एका कॉइलला वेढे किती, तारेचा गेज (जाडी), कॉइलची झेप किती स्लॉटची, जोडणीचा प्रकार स्टार की डेल्टा. घाईत छिन्नी मारून तार बाहेर ओढली आणि वेढे मोजलेच नाहीत तर पुढं सगळा अंदाज. एक गेज बारीक तार घातली तर मोटार फिरते, पण लोडवर तापून पंधरा दिवसांत परत येते. काढलेली तार आणि घातलेली तार वजनावर ताडून बघायची सवय इथंच लावून घ्या.

पाण्यानं भरणाऱ्या पाणबुडी मोटारीला साधी एनॅमल (नुसत्या लेपाची) तार चालत नाही. तिथं प्लास्टिकच्या आवरणाची वाइंडिंग तार लागते आणि जोडावर पाणी न शिरणारी टेप घट्ट, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळायची. बोअरमध्ये सोडण्याआधी मोटारीत स्वच्छ पाणी काठोकाठ भरायचं. नवखा कारागीर हे विसरला तर खालचं बेअरिंग आणि बुश पहिल्याच तासात जातात. मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या मीटरनं) तपासताना एक मेगाओमच्या खाली रीडिंग आलं तर मोटार द्यायची नाही, परत वाळवायची.

कोर्स कमी पडतो तो मोटार का जळली हे शोधण्यात. कमी व्होल्टेज, एक फेज जाणं आणि पाणी संपल्यावर कोरडी फिरणं ही आपल्याकडची तीन मोठी कारणं. थ्री फेज लाईट अनेक ठिकाणी रात्रीची येते, शेतकरी स्टार्टर ऑटोवर टाकून झोपतो आणि सकाळी मोटार जळालेली सापडते. पाच एचपीची थ्री फेज मोटार नीट व्होल्टेजवर साधारण सात-आठ अँपिअर घेते. मोटार बसवून दिल्यावर क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट बघायचा, ओव्हरलोड रिले (जादा करंटला मोटार बंद करणारा) त्या हिशेबानं लावायचा आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) चालू आहे का ते तपासायचं. बऱ्याच पेट्यांत तो वायरी जोडून बाद केलेला असतो. ही तपासणी शेतावर जाऊन करणाऱ्याकडं गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी हमखास येतं. सौर पंप झपाट्यानं वाढत आहेत. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला दहा टक्के रक्कम भरून सौर कृषीपंप मिळतो आहे, तेव्हा कंट्रोलर आणि पॅनेलची जोडणी या कोर्समध्ये आता यायलाच हवी.

बँकेच्या पायरीवर दोन्ही कोर्सची माणसं अडकतात. बँकेच्याच संस्थेचं प्रमाणपत्र असलं तरी कर्ज मंजूर होतंच असं नाही. शाखा निराळी, मॅनेजर निराळा. मुद्राच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत तारण लागत नाही, मात्र मायक्रोफायनान्सचे दोन-तीन हप्ते थकलेले असतील तर तिथंच फाईल थांबते. एका मशीनसाठी बचत गटाचं अंतर्गत कर्ज सगळ्यात सोपं. रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं असेल तर पीएमईजीपी बघण्यासारखी आहे. ग्रामीण भागात महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी यांच्यासारख्या विशेष प्रवर्गांना ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के, सर्वसाधारण प्रवर्गाला २५ आणि १०. म्हणजे दोन लाखांच्या दुकानाला महिलेचे १०,००० आणि अनुदान ७०,०००. हे ७०,००० हातात पडत नाहीत. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतात आणि नंतर कर्जात वळते होतात. हे कुणी नीट समजावत नाही आणि मग “सबसिडी खाल्ली” म्हणून भांडणं होतात.

कोर्सनंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा हा आरसेटीचा नियमच आहे. प्रत्यक्षात फोन येतो, “काम चालू आहे का?” एवढं विचारलं जातं आणि वहीत नोंद होते. शिवणकामाच्या बायांना खरी गरज असते ती बिघडलेला ब्लाउज समोर ठेवून चूक कुठं झाली हे दाखवणाऱ्या माणसाची. महिन्यातून एक दिवस संस्थेत फिटिंगचा ठेवला तर अर्धे प्रश्न सुटतील. तोवर पर्याय असा की बॅचमधल्या चौघींनी ठरवून पंधरा दिवसांनी एकीच्या घरी बसायचं आणि आपापले अडलेले नग घेऊन यायचं.

नाव द्यायला जाताना आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, शाळेचा दाखला आणि फोटो न्या. वय किमान १८ पूर्ण हवं. वरची मर्यादा कार्यालयात विचारून घ्या. गटात असाल तर ग्रामसंघाचं पत्र सोबत असू द्या. तिथं तीन गोष्टी विचारा: किती जणींत एक मशीन, ब्लाउजला किती दिवस, आणि मागच्या बॅचमधल्या किती जणींना कर्ज मिळालं. तिसऱ्याचं उत्तर संस्थेकडं असतंच, कारण कोण बँकेच्या कर्जावर आणि कोण स्वतःच्या पैशावर उभं राहिलं याची नोंद त्यांना ठेवावी लागते. जमल्यास त्यातल्या एकीच्या घरी जाऊन तिचं मशीन चालू आहे का ते बघून या.